आई की बाळ? प्रश्नच चुकलाय!

हिंदी सिनेमातला तो सीन आठवतोय ना? ऑपरेशन थिएटरवरचा लाल दिवा विझतो, डॉक्टर बाहेर येतात आणि विचारतात, 'आईला वाचवू की बाळाला?' प्रेग्नन्सीत कॅन्सर निघाला, की घरात हाच सीन सुरू होतो. नवरा सुन्न, सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आणि कुणीतरी सांगतंच, 'आधी मूल पाडा, मग बघू!'

जरा थांबा. दर वेळी असंच असतं का?

साधारण हजार गरोदर बायकांमध्ये एकीला कॅन्सर निघतो. त्यात ब्रेस्ट कॅन्सर नेहमीचा. गंमत नव्हे, गोची अशी, की या दिवसांत स्तन जड होतात, दुखतात. मग गाठ लागली तरी 'दुधाचीच असेल' म्हणून सोडून दिली जाते. खरा घात करतो तो हा उशीर! सोनोग्राफी आणि सुईने केलेली बायोप्सी, दोन्ही प्रेग्नन्सीत करता येतात.

आणि उपचार? ऑपरेशन होऊ शकतं. केमो पहिल्या तीन महिन्यांत टाळतात, कारण तेव्हा बाळाचे अवयव घडत असतात. नंतर मात्र काही ठरावीक औषधं देता येतात. रेडिएशन आणि हार्मोनच्या गोळ्या सहसा डिलिव्हरीनंतर.

'पण बाळाचं काय?' बेल्जियमचे डॉ. फ्रेडरिक आमांत आणि त्यांच्या टीमने २०१५ मध्ये अशा १२९ मुलांचा अभ्यास मांडला. त्यातल्या ९६ जणांनी आईच्या पोटातच केमो झेललेली. इतर मुलांशी तुलना केली, तर बुद्धीच्या वाढीत आणि हृदयाच्या कामात फरक दिसला नाही. वाढीवर परिणाम दिसला तो वेळेआधी जन्मण्याचा. म्हणजे घाईची डिलिव्हरीही नकोच!

सगळंच इतकं सोपं नसतं, हेही खरं. पहिल्याच महिन्यांत वेगाने वाढणारा ब्लड कॅन्सर निघाला, तर निर्णय फार अवघड होतो. पण तो निर्णय तिचा. गर्भपाताच्या कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. आणि ब्रेस्ट कॅन्सरमध्ये नुसत्या गर्भपाताने आईचं आयुष्य वाढतं, असं दिसलेलं नाही.

तेव्हा गायनॅक आणि कॅन्सरचे डॉक्टर, दोघांनाही एकत्र बसवा. सेकंड ओपिनियन घ्यायला लाजू नका. आणि हाताला गाठ लागली, तर डोहाळजेवण उरकायची वाट बघू नका. अपॉइंटमेंट आजच घ्या!