देश ठरला, शहराचे काय?

कॅनडाच्या संघराज्य सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये आपले स्थलांतरविषयक धोरण बदलले. २०२५ साली ५ लाख परदेशी व्यक्तींना कायम वास्तव्याचा परवाना द्यावयाचा, असे आधी ठरले होते. ती संख्या ३ लाख ९५ हजारांवर आणण्यात आली. त्याच वर्षाच्या जानेवारीत परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवरही मर्यादा घालण्यात आली होती. या दोन्ही निर्णयांची महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत पुष्कळ चर्चा झाली आणि ती होणे साहजिक होते. परंतु या चर्चेचा सारा भर दार उघडे राहणार की बंद होणार, एवढ्यावरच होता. दारातून आत गेल्यावर माणसाने बिऱ्हाड कोठे थाटावयाचे, हा प्रश्न जणू दुय्यम आहे, असेच गृहीत धरले गेले.

वस्तुतः तो दुय्यम नाही. कॅनडाचे क्षेत्रफळ भारताच्या तिपटीहून अधिक आहे. त्याच्या दोन किनाऱ्यांमध्ये सहा कालविभाग सामावतात. व्हँकुव्हरचा पावसाळी हिवाळा आणि विनिपेगचा जानेवारी, ज्यात रात्रीचे तापमान सरासरी उणे २० अंशांच्याही खाली जाते, यांना एकाच देशाचे हवामान म्हणणे हा केवळ राजकीय नकाशाचा उपचार आहे. पगार, घरभाडे, कर, शाळेची भाषा, व्यवसायाचा परवाना या सर्वच बाबतींत प्रांताप्रांतांत आणि शहराशहरांत मोठे अंतर आहे. ‘मुलगा कॅनडाला गेला’ या वाक्यातून त्याच्या भावी आर्थिक स्थितीविषयी जवळजवळ काहीच कळत नाही. तो टोरोंटोला गेला की एडमंटनला, हे कळले तर पुष्कळ कळते.

सरकारने संख्या घटविताना जे कारण दिले, तेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे. घरांची टंचाई आणि सार्वजनिक सेवांवरील ताण हे ते कारण. पण ही टंचाई देशभर सारखी नाही. ती सर्वाधिक जाणवते ती सर्वजण जेथे जातात तेथे. २०२१ च्या जनगणनेनुसार, आधीच्या पाच वर्षांत आलेल्या सुमारे १३ लाख नवागतांपैकी २९.५ टक्के एकट्या टोरोंटो महानगरात स्थिरावले. मॉन्ट्रिअल व व्हँकुव्हर यांचा वाटा अनुक्रमे १२.२ आणि ११.७ टक्के होता. म्हणजे एवढ्या विस्तीर्ण देशात निम्म्याहून अधिक नवागतांनी तीनच महानगरे निवडली. या नवागतांत भारतात जन्मलेल्यांचे प्रमाण १८.६ टक्के, म्हणजे कोणत्याही अन्य देशापेक्षा अधिक होते. तेव्हा टोरोंटोच्या घरभाड्याची चर्चा करताना आपणही त्या भाड्याच्या कारणांपैकी एक आहोत, हे भारतीय कुटुंबांनी विसरू नये.

दूरचा प्रवास करणारा स्थलांतरित मधल्या गावात थांबत नाही, तो व्यापार-उद्योगाच्या मोठ्या केंद्राकडेच जातो, हे रॅव्हनस्टाइन यांनी १८८५ मध्येच नोंदवून ठेवले होते. पण मोठ्या केंद्रांपैकी नेमके कोणते, हे ठरते ते बहुधा ओळखीने. मावसभाऊ मिसिसागाला आहे, बहिणीच्या नणदेचे यजमान ब्रॅम्प्टनला आहेत. एवढ्या आधारावर विमानाचे तिकीट काढले जाते. या पद्धतीला हसण्याचे कारण नाही. रत्नागिरी जिल्ह्यातून गिरणीत कामाला येणारा चाकरमानी ‘मुंबई’ निवडीत नव्हता. तो लालबाग-परळमधील आपल्या गावकीची खोली निवडीत होता. तेथे अंथरूण पसरण्यापुरती जागा मिळे, खानावळीत उधारी चाले आणि खात्यातल्या जॉबरकडे शब्द टाकणारा कोणीतरी असे. माहिती मिळविणे महाग असते, चुकीच्या माहितीची किंमत त्याहून महाग असते. अशा स्थितीत नात्यागोत्यावर विसंबणे हा हिशेबी माणसाचाच निर्णय होय. २०२१ च्या जनगणनेनुसार ब्रॅम्प्टनच्या साडेसहा लाख लोकसंख्येत निम्म्याहून अधिक लोक दक्षिण आशियाई वंशाचे होते, यामागे हेच कारण आहे. तेथील पंजाबी कुटुंबांनी जे केले, ते कोकणी माणसाने मुंबईत शंभर वर्षांपूर्वी केले होते.

मात्र गिरणगावाचा हिशेब आणि आजचा हिशेब यांत एक मूलभूत फरक आहे. चाकरमान्याची बायको-मुले गावी राहत. भातशेती तीच सांभाळीत असत आणि मनीऑर्डर तेथे जाई. मुंबईत राहण्याचा खर्च एका माणसाच्या अंथरुणापुरता होता. आजचा स्थलांतरित सहकुटुंब जातो, किंवा लवकरच कुटुंब बोलावून घेतो. त्याची पत्नीही पदवीधर असते आणि पुण्यात वा नाशिकात ती स्वतः मिळवती असते. खोलीचा सोबती मिळाला की प्रश्न सुटला, असे आता होत नाही. पहिले सहा महिने नातलगाच्या तळघरात स्वस्तात निघतात. पण त्या सहा महिन्यांत मुलांचे नाव शाळेत घातले जाते, जी मिळेल ती नोकरी धरली जाते, हप्त्यावर मोटार घेतली जाते, आणि तात्पुरते म्हणून निवडलेले शहर कायमचे होऊन बसते. निवड अशी होतच नाही; ती घडून जाते.

हॅरिस आणि टोडारो या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये असे मांडले की, स्थलांतर करणारा शहरातील वेतन पाहतो, पण त्या वेतनाला नोकरी मिळण्याच्या संभाव्यतेने गुणून. त्यांच्यासमोर आफ्रिकेतील शहरे होती. कॅनडाच्या संदर्भात या गुणाकारात आणखी एक पद घालावे लागेल, ते व्यवसाय-परवान्याचे. अभियंता, परिचारिका, शिक्षक, डॉक्टर हे तेथे परवान्याचे व्यवसाय आहेत आणि परवाना प्रांत देतो, देश नव्हे. संघराज्य सरकार गुण मोजून माणसाला पदवीसाठी प्रवेश देते, आणि प्रांतातील संस्था त्याच पदवीची पुन्हा तपासणी करते. ‘कॅनडातील अनुभव’ ही अट वर्षानुवर्षे हजारोंना आडवी आली. ऑन्टेरिओतील अभियंत्यांच्या नियामक संस्थेने २०२३ मध्ये ती काढून टाकली, हे योग्यच झाले. पण याचा अर्थ असा की अभियंत्याच्या दृष्टीने प्रांताची निवड ही परवान्याच्या नियमांची निवड असते, आणि ती चौकशी मुंबईतूनच पुरी करता येते. ती न करता विमानात बसणारे पदवीधर गोदामात खोकी उचलताना आढळतात, तेव्हा दोष सर्वस्वी परक्या देशावर टाकण्यात अर्थ नसतो.

राज्यसंस्थेचा हिशेब वेगळा आहे. १९६७ मध्ये कॅनडाने गुणपद्धती सुरू केली, तेव्हा प्रश्न होता तो कोणाला घ्यावयाचे हा. १९९८ पासून प्रांतांना स्वतःचे उमेदवार सुचविण्याची सोय झाली आणि कोठे घ्यावयाचे, हा प्रश्न त्याला येऊन मिळाला. २०१५ पासूनच्या निवडपद्धतीत एकूण १२०० गुण असतात. त्यांपैकी ६०० एकट्या प्रांतिक शिफारशीचे. एवढे वजन अन्य कोणत्याही गुणाला नाही. मॅनिटोबा किंवा सस्कॅचेवानसारखा विरळ वस्तीचा प्रांत या ६०० गुणांच्या आमिषाने माणसे खेचतो. पण १९८२ च्या अधिकारपत्रातील सहाव्या कलमान्वये नागरिकाप्रमाणेच कायम वास्तव्य असणाऱ्यालाही कोणत्याही प्रांतात जाऊन राहण्याचा हक्क आहे. परिणामी शिफारस विनिपेगची आणि बिऱ्हाड टोरोंटोत, असे प्रकार घडतात. प्रिन्स एडवर्ड आयलंडसारख्या छोट्या प्रांतातून तर आलेल्यांपैकी बरेचजण काही वर्षांतच बाहेर पडतात. ऑस्ट्रेलियाने हा पेच निराळ्या रीतीने सोडविला. तेथे नोव्हेंबर २०१९ पासून सिडनी, मेलबर्न व ब्रिस्बेन वगळून इतरत्र राहण्याच्या अटीवर पाच वर्षांचा परवाना मिळतो आणि तीन वर्षे ती अट पाळल्यानंतरच कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. कॅनडा गुण देऊन विश्वास ठेवतो, ऑस्ट्रेलिया आधी मुदत पुरी करून घेतो. स्थलांतरिताला पहिली रीत सोयीची वाटेल; तथापि प्रांताला दिलेला शब्द कागदापुरताच असतो, अशी समजूत पसरली तर ती सोय फार काळ टिकणार नाही.

मग लहान शहर निवडावे काय? येथे सरसकट उत्तर देणारे सल्लागार पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापासून दूर राहणे बरे. उत्तर व्यवसायावर अवलंबून आहे. ऑन्टेरिओतील बहुसंख्य इस्पितळांत परिचारिकांचे वेतन एका सामायिक करारान्वये ठरते; टोरोंटोच्या इस्पितळातील वेतनश्रेणी आणि शेकडो कोस उत्तरेकडील थंडर बे किंवा सडबरी येथील वेतनश्रेणी एकच. घरांच्या किमतींत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर. आपल्याकडील सरकारी कर्मचाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. केंद्र सरकारने शहरांचे तीन वर्ग करून २०२४ पासून मूळ वेतनाच्या ३०, २० व १० टक्के असा घरभाडे भत्ता ठरविला आहे; मुंबई-पुण्याला एक दर, नाशिक-कोल्हापूरला दुसरा. भत्त्यातील हा फरक काढून टाकला, तर मुंबईची बदली किती जण आनंदाने स्वीकारतील? ऑन्टेरिओतील परिचारिकेपुढे नेमकी हीच स्थिती आहे, आणि तिने उत्तरेकडील शहर निवडले तर ती शहाणपणाचे वागते.

याच कसोटीवर पाहता विद्यार्थ्यांच्या बाबतीत खुद्द सरकारचा हिशेब ढोबळ ठरतो. निर्वाहखर्चाची तरतूद म्हणून विद्यार्थ्याने दाखवावयाची रक्कम पूर्वी १० हजार डॉलर होती. जानेवारी २०२४ पासून ती २०,६३५ आणि सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ डॉलर झाली. क्वेबेक सोडून साऱ्या देशाला हा एकच आकडा लागू आहे. टोरोंटोत त्यात वर्ष निघणे कठीण, तर मूस जॉ येथे ते बऱ्यापैकी निघावे. इकडे कर्ज मंजूर करून घेणारा बाप, जो बहुधा कारकून किंवा शिक्षक असतो आणि भविष्यनिर्वाह निधीला हात घालण्याच्या बेतात असतो, तो सरकारी आकडा म्हणजेच खरा खर्च असे समजतो. महाविद्यालय कोणत्या शहरात आहे, हे तो माहितीपत्रकातील छायाचित्रांवरून ठरवितो.

पण परिचारिकेचा न्याय सर्वांना लावता येत नाही. पती संगणकतज्ज्ञ आणि पत्नी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, अशा जोडप्याला ब्रँडनसारख्या गावात एक नोकरी मिळेल, दोन मिळणे कठीण. नवऱ्याच्या पगारात तेथे मोठे घर येते, आणि त्या घरात बायकोची दहा वर्षांची विद्या पडून राहते. महानगरातील भारी भाडे हे पुष्कळ अंशी या दुसऱ्या नोकरीच्या शक्यतेचे मोल असते. लहान गावी गेलेली सुशिक्षित कुटुंबे टोरोंटोकडे परततात, त्याचे कारण थंडी किंवा गणेशोत्सव नसल्याची हुरहूर एवढेच नसून घरातील दुसरी मिळकत हेही असते. आपल्याकडे ही बाब हिशेबात धरली जात नाही, कारण शहर ठरविण्याच्या बैठकीत पुरुषाची नोकरी हीच नोकरी मानली जाते.

शिवाय एका धंद्यावर जगणाऱ्या शहराचा धोका असतोच. अल्बर्टात प्रांतिक विक्रीकर नाही. ग्राहकाला केवळ ५ टक्के संघराज्य कर पडतो, ऑन्टेरिओत हाच भार १३ टक्के. तेलाला भाव होता तोवर कॅल्गरी हे नवागतांचे नंदनवन समजले जाई. २०१४ च्या उत्तरार्धात तेल गडगडले, पुढची दोन वर्षे प्रांत मंदीत गेला आणि शहराच्या मध्यभागातील कचेऱ्या ओस पडल्या. गिरण्या बंद पडल्यावर लालबाग-परळचे काय झाले, हे ज्यांनी पाहिले त्यांना याचे नवल वाटू नये. स्वस्ताई का आहे, हे विचारल्यावाचून स्वस्त शहर घेऊ नये. मॉन्ट्रिअलचे भाडे टोरोंटोहून कमी आहे आणि क्वेबेकने १९९७ पासून चालविलेली अनुदानित पाळणाघरे हा तर नोकरदार आईला मोठाच दिलासा; पण १९७७ च्या भाषा-कायद्यान्वये तेथे स्थायिक होणाऱ्याच्या मुलांना सरकारी शाळेत फ्रेंच माध्यम घ्यावे लागते, आणि २०२२ च्या कायद्यानंतर पहिले सहा महिने सरले की नवागताशी सरकारी व्यवहारही, थोडे अपवाद वगळता, फ्रेंचमध्येच होतात. भाषा शिकण्याची तयारी असलेल्याने तेथे खुशाल जावे.

उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांची १९८१ पासून एक मध्यवर्ती संस्था आहे. तिची अधिवेशने मोठ्या प्रमाणावर होतात, नाटके होतात, जेवणावळी होतात. त्या त्या शहरातील भाडे, परवान्यास लागणारा काळ आणि दोघांना नोकरी मिळालेल्या कुटुंबांचा अनुभव यांची साधी नोंद प्रत्येक मंडळाने दरवर्षी मराठीत छापली, तर मावसभावाच्या दूरध्वनीपेक्षा ती पुष्कळ अधिक उपयोगी पडेल. तशी निकड आता वाढलेलीच आहे. जानेवारी २०२५ मध्ये कॅनडाने १४ ग्रामीण व लहान वस्त्यांसाठी नवी योजना सुरू केली. सडबरी, थंडर बे, ब्रँडन, मूस जॉ ही त्यांतीलच नावे. तीत स्थानिक संस्थेने मान्य केलेल्या मालकाकडून नोकरीचा देकार आल्याखेरीज अर्जच करता येत नाही, आणि अर्जदाराला त्याच वस्तीत राहण्याचा इरादा दाखवावा लागतो. या मार्गाने जाणाऱ्याचे शहर देशाच्या आधी ठरते.