आजीनेही घ्यावी लस

भिलाईत जुनवानीला लेकीचे बाळंतपण करायला नागपूरहून निघालेली आई डिंकाचे लाडू, दुपटी, टोपडी सारे आठवणीने बांधते. दोन आठवडे न हटणारा ‘साधा’ खोकलाही सोबत निघाला आहे, याकडे मात्र कुणाचे लक्ष नसते. मोठ्यांच्या डांग्या खोकल्यात तो ओळखीचा ‘हूप’ आवाज येतोच असे नाही. तान्ह्या बाळाला तर कधी खोकलाही येत नाही, एकदम श्वासच थांबतो! आणि या आजाराविरुद्ध बाळाची पहिली लस असते सहाव्या आठवड्यात.

“लहानपणी त्रिगुणी टोचली होती की!” खरे आहे, पण तिचा प्रभाव काही वर्षांत ओसरतो. सरकारी वेळापत्रकातला डांग्या खोकल्याचा शेवटचा डोस ५ ते ६ व्या वर्षी. पुढे १० व्या, १६ व्या वर्षी आणि गरोदरपणी मिळणारी ‘टीडी’ फक्त धनुर्वात व घटसर्पाची. मोठ्यांसाठी हवी ‘टीडॅप’. ती खासगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते. बारशाच्या जेवणावळीआधी तिच्यासाठी पैसे बाजूला ठेवावेत.

गर्भवतीने ही लस प्रत्येक खेपेला २७ ते ३६ व्या आठवड्यादरम्यान घ्यावी, म्हणजे संरक्षण वारेतून बाळापर्यंत पोहोचते. बाबा, आजी-आजोबांनी बाळाजवळ जाण्याआधी किमान २ आठवडे घ्यावी. दर १० वर्षांनी धनुर्वाताची लस घेताना डॉक्टरांना ‘टीडॅप’विषयी विचारावे. जडलेला खोकला मात्र लसीने जात नाही. तो आधी तपासून घ्यावा, बाळाला मांडीवर नंतर घ्यावे.