शून्य पाऊस की मुका सेन्सर?

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्याचं काम सुरू होतं. आकडा ६४ वर थांबला तर वावरातली तूर-सोयाबीन पाण्याखाली असली तरी कागद हलायला वेळ लागतो. बार्शीटाकळी तालुक्यात महान, पिंजर किंवा धाबा मंडळातल्या शेतकऱ्याला हे कुणी समजावून सांगायला नको. संत्र्याचा हवामान आधारित विमाही असाच चालतो. ठरलेल्या काळातलं तापमान किंवा पाऊस ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की भरपाई, नाही तर नाही. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांपुढे गेला तेव्हा अकोला जिल्ह्यात कलम १४४ लागू झालं आणि खासगी शिकवण्यांच्या वेळाही बदलाव्या लागल्या. आकड्याला एवढं वजन आल्यावर तो आकडा यंत्रात कसा जन्मतो हे विचारणं भाग आहे. माझं म्हणणं एवढंच, की ज्या यंत्राला ‘सेन्सरनं उत्तर दिलं नाही’ असं लिहिता येत नाही, त्याच्या शून्यावर विश्वास ठेवू नये. हा रोख कुठल्या एका सरकारी केंद्रावर नाही. विद्यार्थी, छोटे उद्योजक आणि हौशी शेतकरी आज मातीचा ओलावा, तापमान, आर्द्रता मोजायला जी सर्किटं बांधतात, त्या सगळ्यांना हे लागू आहे.

अशा सर्किटात मायक्रोकंट्रोलर आणि सेन्सरची चिप बहुधा आयटूसी या पद्धतीनं बोलतात. फिलिप्स कंपनीनं १९८२ मध्ये आणलेली ही पद्धत दोन तारांवर चालते, एसडीएवर माहिती आणि एससीएलवर ताल. वर्गातल्या हजेरीसारखा हा व्यवहार आहे. कंट्रोलर आधी पत्ता पुकारतो आणि त्या पत्त्याची चिप असेल तर ती नवव्या ठोक्याला एसडीए खाली ओढून ‘हजर’ म्हणते. या तारांना वर कुणी ढकलत नाही, पुल-अप रेझिस्टर त्यांना वर धरून ठेवतो. त्यामुळे चिप नसेल तर नवव्या ठोक्याला तार वरच राहते आणि गैरहजेरी तिथंच कळते. म्हणजे पद्धतीला सगळं ठाऊक असतं. ते फेकून देतो तो आपला प्रोग्राम. आर्डुइनोच्या नेहमीच्या लायब्ररीत पाठवणी संपली की एक अंक परत मिळतो. ० म्हणजे ठीक, २ म्हणजे पत्त्यावर उत्तर नाही, ३ म्हणजे मजकुरावर उत्तर नाही. बहुतेक नमुना प्रोग्राम हा अंक बघतच नाहीत. पुढं वाचायला काहीच नसताना वाचलं तर उणे एक मिळतो आणि तो एका बाइटमध्ये टाकला की २५५ होतो. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर निराळ्या, एकाच तारेच्या पद्धतीनं बोलतो, पण दुखणं तेच. वीज मिळाल्यावर एकही मोजणी पुरी झाली नसेल तर तो ८५ अंश सांगतो आणि तार तुटली तर त्याची लायब्ररी उणे १२७ देते. अकोल्याच्या उन्हाळ्यातही ८५ अंश कुणी खरे मानणार नाही. धोका पटण्यासारख्या खोट्या आकड्यांचा आहे, म्हणजे कालचाच पुन्हा छापलेला आकडा, ‘जास्तीत जास्त १००’ म्हणून कापलेली आर्द्रता किंवा निमूट शून्य.

चुकांची नोंद ठेवली की दुरुस्तीही सोपी होते, हा या आग्रहाचा दुसरा फायदा. पत्त्यालाच उत्तर नसेल तर वीज, जोडणी किंवा पत्ता यांतच खोट असते. दोन्ही तारा निवांत असताना मल्टिमीटर लावला तर पुरवठ्याइतका व्होल्टेज दिसायला हवा. शून्याजवळ दिसला तर पुल-अप नाही, तार ग्राउंडला टेकली आहे किंवा एखादी चिप एसडीए धरून बसली आहे. बाइट अर्धवट असताना कंट्रोलर रीसेट झाला की असं होतं. तेव्हा एससीएलवर नऊपर्यंत ठोके देऊन शेवटी थांब्याचा इशारा दिला की ती बहुधा सुटते. पत्त्याचा घोळही नेहमीचा. काही डेटाशीट सात बिटांचा पत्ता देतात, तर काही त्याला आठवा बिट जोडून. डीएस३२३१ हे घड्याळ आणि एमपीयू६०५० हा हालचालीचा सेन्सर तर मुळातच एका पत्त्यावर, हेक्स ६८ वर, राहतात. उलट पत्त्याला उत्तर येतं आणि बोलणं मध्येच तुटतं, तेव्हा संशय तारेवर घ्यावा. आयटूसी एका बोर्डावरच्या चिपांसाठी जन्मली. तारांची एकूण कपॅसिटन्स ४०० पिकोफॅरडच्या आत हवी, अशी तिची मर्यादा आहे. टेबलावर वीतभर जंपरनं चालणारं सर्किट वावरात पाच-सात मीटर केबल जोडून मोटारीच्या स्टार्टरशेजारी टांगलं की का बिघडतं, त्याचं उत्तर इथं आहे. पाच व्होल्टच्या आयटूसीत ‘वर’ म्हणजे किमान साडेतीन व्होल्ट, मग ३.३ व्होल्टची चिप त्यावर कधी चालते, कधी चालत नाही. ही ‘कधी कधी’ची दुखणी नोंदीशिवाय सापडत नाहीत. दुरुस्तीच्या टेबलावर मात्र पहिला हात नव्या चिपकडे जातो. बदललेली चिपही दिवसभर चालते आणि खरं कारण तारेतच राहतं.

पाऊस मोजण्यात अडचण आणखी खोल आहे. स्वयंचलित पर्जन्यमापकात सहसा छोटी दुहेरी बादली असते. ठरावीक पाणी साचलं की ती कलंडते आणि एक पल्स जाते. इथं हजेरीची सोयच नाही. पाऊस नसेल तरी पल्स नाही, तार तुटली तरी पल्स नाही. दोन्हीकडे तोच शून्य. उपाय आहे. बादलीपाशी पल्स देणाऱ्या स्विचच्या दोन टोकांवर एक रेझिस्टर जोडला तर कंट्रोलरला तार शाबूत आहे की नाही हे रोज तपासता येतं. नरसाळ्यात पालापाचोळा अडकला तर मात्र रेझिस्टर काही सांगणार नाही. म्हणून सकाळी साडेआठची हाताने घेतलेली नोंद आणि शेजारच्या केंद्राचा आकडा यांच्याशी पडताळणी सोडून चालणार नाही.

यावर आक्षेप येतील. पहिला असा, की शेतकऱ्याला आकडा हवा असतो, रिकामी जागा दाखवली तर तो यंत्रच नाकारेल. खरं तर रिकाम्या जागेनं तो सावध होतो. चुकीच्या आकड्यानं तो ओलित चुकवतो किंवा फवारणी वाया घालवतो. दुसरा आक्षेप, हजारो नोंदींत एखादी चुकली तर सरासरीत मुरून जाते. सरासरीत मुरेल, पण अतिवृष्टी आणि विमा सरासरीवर ठरत नाहीत, मर्यादेवर ठरतात. तिथं एका रात्रीचा शून्य पुरतो. तिसरा आक्षेप खर्चाचा आणि तो वजनदार आहे, कारण दुसरा पर्जन्यमापक, चांगली केबल, लांब अंतरासाठी आरएस-४८५ यांना पैसे पडतात. पण परत आलेला अंक तपासायला आणि आकड्याशेजारी तो लिहून ठेवायला प्रोग्रामच्या चार ओळी लागतात. महाग भाग परवडत नाही म्हणून फुकटचा भागही टाळायचा, हे पटत नाही. चौथा आक्षेप, पुन्हा विचारलं की चिप उत्तर देते, मग बोभाटा कशाला? पुन्हा जरूर विचारावं, पण किती वेळा विचारावं लागलं तेही लिहावं. काल एकदा, आज पाचदा असं दिसलं तर जोड गंजू लागला आहे हे यंत्र बंद पडण्याआधीच कळतं.

तेव्हा प्रत्येक नोंदीत आकडा, त्याची स्थिती आणि किती वेळा विचारलं, हे तीन रकाने असावेत. जिल्ह्यातल्या प्रकल्प स्पर्धांत परीक्षकांनी रंगीत पडद्याचं कौतुक करण्याआधी सेन्सरची तार उपटावी आणि यंत्र काय दाखवतं ते पाहून गुण द्यावेत. शेतकरी उत्पादक कंपनीनं खरेदीच्या अटींत हीच कसोटी घालावी. आणि ज्याची भरपाई मंडळाच्या आकड्यावर अवलंबून आहे, त्यानं पाऊस किती झाला एवढंच विचारून थांबू नये. त्या रात्री सेन्सर बोलत होता याची नोंदही मागावी. आपल्या पिकाचा निकाल ज्या आकड्यावर लागतो, त्याची हजेरी तपासायचा हक्क त्याला आहे.