सैल जॅक आणि मालकीचा प्रश्न

पैसे मोजून घेतलेली वस्तू दुरुस्त करण्याचा मार्गच ग्राहकापुढे खुला नसेल, तर ती वस्तू खऱ्या अर्थाने त्याची झाली काय? वरवर पाहता हा प्रश्न कायदेपंडितांचा वाटेल; परंतु जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या बाजारपेठेत जुना लॅपटॉप घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला तो रोज भेडसावतो.

तक्रार साधी असते. चार्जरची पिन जेथे बसते तो जॅक सैल झालेला असतो. वायर विशिष्ट कोनात धरली तरच बॅटरी भरते. वायरला वारंवार हिसके बसून जॅकच्या सोल्डरला तडा जातो, सैल सांध्यात ठिणगी उडते आणि दुर्लक्ष झाल्यास बोर्डही जळू शकतो. अनेक जुन्या लॅपटॉपांत हा जॅक छोट्या वायरीने स्वतंत्र जोडलेला असतो. बॅटरी सोडवून तो बदलला की काम भागते. पुष्कळ नव्या यंत्रांत मात्र टाइप-सी जॅक थेट मदरबोर्डवरच बसविलेला असतो. गरम हवेने तो उतरवून नवा बसविणे हे कसबाचे काम आहे, पण अशक्य नव्हे. तरीही सबंध बोर्ड बदलण्याचा सल्ला अनेक ग्राहकांना मिळतो. चिमूटभर धातूच्या भागापायी गरीब विद्यार्थ्याचे यंत्र भंगारात निघते.

खानदेशाला दुरुस्तीचे कसब नवे नाही. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात पंपाची मोटार जळाली की ती तालुक्याच्या गावीच रिवाइंडिंग करून मिळत आली आहे; त्यासाठी कारखानदाराची परवानगी कोणी मागितली नाही. लॅपटॉपच्या कारागिराचे हात तितकेच कुशल आहेत. परंतु बोर्डाचा नकाशा आणि अस्सल सुटे भाग कंपनीच्या कुलपात राहतात. ही मक्तेदारी ग्राहकाला लुबाडते, त्याचबरोबर स्वतंत्र श्रमिकाचे ज्ञानही बेदखल करते.

यावर उपाय नाही असे नव्हे. सुटे भाग व दुरुस्तीची साधने खुल्या बाजारात येऊ न देणाऱ्या १४ मोटार कंपन्यांना भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपच्या विक्रीवेळी दुरुस्तीयोग्यतेचे गुण दाखवावे लागतात. आपल्याकडे केंद्राने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली व पोर्टल उघडले. २०२५ मध्ये दुसऱ्या एका समितीने दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा अहवाल दिला. त्यात फोन व टॅबलेटच्या महत्त्वाच्या भागांत चार्जिंग पोर्टचा समावेश आहे. मात्र हे गुण कंपन्यांनी स्वतःच जाहीर करावयाचे आहेत! आरोपीनेच आपला निकाल लिहावा, अशातला हा प्रकार झाला.

अननुभवी हातांनी अपघात होतील, असा युक्तिवाद कंपन्या करतात. बॅटरीशी हेळसांड धोक्याची असते हे खरे. परंतु त्यावरचा उपाय ज्ञान दडविणे हा नव्हे, ते शिकविणे हा होय.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. लॅपटॉपचे सुटे भाग आणि बोर्डाचे नकाशे वाजवी दरात स्वतंत्र कारागिरांना देण्याची कायदेशीर सक्ती व्हावी. जॅक वेगळा काढता येईल अशी रचना बंधनकारक व्हावी. जळगाव-धुळ्याच्या शासकीय आयटीआयमध्ये बोर्डदुरुस्तीचे शिक्षण स्वस्तात मिळावे. कार्यकर्त्यांनी विद्यार्थी आणि कारागीर यांना या प्रश्नावर एकत्र आणावयास हवे. एकाला यंत्र टिकवावयाचे आहे, दुसऱ्याला हाताचे काम. दोघांचा लढा एकच आहे.