शेततळ्यात उतरण आहे, चढण कोठे?

जालना जिल्ह्यातील शेतकऱ्यास पाण्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. त्या अनुभवानंतर शेततळ्यांचे महत्त्व सर्वांस पटले. जालना तालुक्यातील कडवंची गावाने पाणलोट विकास व शेततळी यांच्या बळावर द्राक्षबागा फुलविल्या. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाल्यावर गावोगावी तळी खोदली गेली. ही प्रगती निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु पाणी साठविण्याचा विचार जितक्या बारकाईने झाला, तितका त्या पाण्यात पडलेल्या जिवाने बाहेर कसे यावे याचा झाला नाही. ही उणीव प्रथम ध्यानात येते ती बहुधा शेतवस्तीवरील कुत्र्यामुळे.

मराठवाड्यात शेतवस्तीवर कारवान जातीचा कुत्रा पाळण्याची प्रथा जुनी आहे. लांब तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट व सडपातळ पाय ही त्याची लक्षणे होत. विलायतेतील ग्रेहाऊंड व कर्नाटकातील मुधोळचा कुत्रा हे त्याचेच भाऊबंद म्हणावेत. मुधोळ जातीचे टपाल तिकीट भारतीय टपाल खात्याने २००५ साली काढले, यावरून या कुळाची प्रतिष्ठा दिसून येते. पूर्वी हा कुत्रा शिकारीसाठी पाळीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये ससा, काळवीट आदी प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. म्हणून आता त्याचे काम राखणीचे व सोबतीचेच उरले आहे. उन्हाळ्यात असा कुत्रा पाण्याच्या ओढीने तळ्याकडे जाणारच. प्रश्न एवढाच की, पाण्यात गेलेला कुत्रा सुखरूप परत येईल काय?

‘कुत्र्याला पोहणे जन्मतः येते’ असा सर्वत्र समज आहे. त्या समजापायी कित्येक जण कुत्र्यास उचलून पाण्यात टाकतात व ‘आपोआप शिकेल’ म्हणतात. ज्या गावात मुलाच्या पाठीला डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून, वडीलधाऱ्याच्या देखरेखीखाली त्यास विहिरीत उतरविण्याची रीत आहे, त्याच गावात कुत्र्याच्या बाबतीत एवढा निष्काळजीपणा व्हावा, हे बरे नव्हे. कुत्रा पाण्यात पाय मारतो हे खरे. पण पाय मारणे व पोहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

कारवान कुत्र्याच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. त्याच्या अंगावर चरबी फार थोडी असते, आणि चरबीच तर पाण्यावर तरंगण्यास मदत करते. स्नायू जड व मागचा भाग बारीक, यामुळे त्याचे मागचे पाय खाली जातात व शरीर उभे होऊ लागते. मग तो पुढच्या पायांनी नुसते पाणी उडवितो व लवकर थकतो. शिवाय हा कुत्रा वेगवान धावेसाठी घडलेला आहे. आखूड केस व पातळ कातडी यांमुळे हिवाळ्यातील थंड पाण्यात तो चटकन गारठतो. तात्पर्य, रानात वाऱ्याशी स्पर्धा करणारा हा प्राणी पाण्यात इतर कुत्र्यांहून दुबळा ठरतो.

आता शेततळ्याची रचना पाहावी. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल अशा तळ्यात, बाजूंचा उतार एकास एक धरल्यास, सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. एकास एक म्हणजे ४५ अंशांचा चढ. काठापासून तळापर्यंत या चढाची लांबी सव्वाचार मीटर भरते. त्यावर अस्तरीकरणाचा गुळगुळीत कागद, व कागदावर शेवाळ. अशा चढावर माणसाचा पाय ठरत नाही, तेथे कुत्र्याचा पंजा कसा ठरावा? पाणी उपसले जाते तसतसा धोका वाढतो, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. तळे काठोकाठ भरलेले असता बाहेरचा कोरडा काठ हाताशी असतो. तेच वैशाखात पाणी निम्म्यावर आले की पाण्यापासून काठापर्यंत दोन मीटरांहून अधिक निसरडा चढ उरतो. नेमकी याच दिवसांत जनावरे तहानेने तळ्याकडे वळतात.

म्हणून तळ्यास बाहेर येण्याची वाट असलीच पाहिजे. शिडी किंवा गाठी मारलेला दोर माणसास उपयोगी पडतो. कुत्र्यास तो धरता येत नाही. त्याच्यासाठी काथ्याची जाड चटई किंवा दुहेरी शिवलेली गोणपाटे एका बाजूने काठावरून थेट तळापर्यंत सोडावीत. पाणी कितीही उतरले तरी वाट पाण्यास भिडलेली राहावी, हा त्यातील हेतू होय. चटईचे वरचे टोक काठाबाहेर पुरलेल्या भक्कम खुंटांस बांधावे, व ती पाण्यावर तरंगू नये म्हणून खालच्या बाजूस वाळूच्या पिशव्यांचे वजन द्यावे. कागदात खिळा मारू नये. एकमेकांस बांधलेले जुने टायर सोडल्यास माणूस व कुत्रा या दोघांसही पायरी मिळते. मात्र तार बाहेर आलेला टायर घेऊ नये, कारण तारेने कागद फाटतो. ताग व काथ्या पाण्यात कुजतात, तेव्हा दर वर्षी पावसाळ्यापूर्वी त्यांची तपासणी करावी.

वाट तयार केली म्हणजे काम संपले असे नाही. ती कुत्र्यास माहीत असली पाहिजे. छातीला पट्टा व लांब दोर बांधून त्यास त्या वाटेने चार-पाच वेळा वर-खाली न्यावे. घाबरलेला प्राणी ज्या ठिकाणी पाण्यात पडला त्याच ठिकाणी वर चढण्याची धडपड करतो. वाट आधी दाखविलेली असेल, तरच तो तिच्याकडे वळतो.

पोहणे शिकविण्यासाठी मात्र शेततळे मुळीच योग्य नव्हे. ज्याचा काठ हळूहळू उतरत गेला आहे व तळ घट्ट आहे, असा पाझर तलाव त्यासाठी निवडावा. प्रथम पोटापर्यंतच्या पाण्यात चालवावे. नंतर एक हात पोटाखाली धरून मागचा भाग वर उचलून धरावा, म्हणजे शरीर आडवे राहते व मागचे पाय काम करू लागतात. सुरुवातीस दोन-तीन मिनिटे पुरेत. गळ्यातील पट्ट्यास दोर बांधू नये. ओढ बसताच श्वास कोंडतो. पाठीवर मूठ असलेले तरंगते जाकीट मिळाल्यास उत्तम. खाण्यानंतर निदान दोन तास पाण्यात नेऊ नये, तसेच धावून धापा टाकणाऱ्या कुत्र्यास लगेच पोहावयास लावू नये. बाहेर आल्यावर अंग व कान कोरडे करावेत.

जागा निवडताना विवेक हवा. घाणेवाडी जलाशयाचे पाणी जालना शहरास पिण्यासाठी जाते. अशा ठिकाणी जनावरे उतरविणे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने अयोग्य आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्यात पाण्यास ओढ असते व अस्तराच्या बाजू निसरड्या असतात. नदीपात्रात वाळू उपशाने पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. पाण्यावर हिरवी-निळी साय आली असल्यास ते पाणी विषारी असू शकते. कुत्र्यास व गुरांसही त्यापासून दूर ठेवावे. तळ्यात विजेची मोटार असेल, तर वीजपुरवठा बंद केल्याखेरीज कोणीही पाण्यात उतरू नये.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. कुत्रा तळ्यात पडलेला दिसताच मालकाने मागून उडी घेणे, हा सर्वांत मोठा अनर्थ होय. जो कागद कुत्र्यास वर येऊ देत नाही, तो मालकासही येऊ देणार नाही. काठावर राहून कुत्र्यास हाक मारीत वाटेकडे वळवावे; लांब बांबूच्या टोकास दोराचा फास लावून तो त्याच्या छातीभोवती अडकवावा व हळूहळू ओढून घ्यावे. बाहेर काढलेला कुत्रा बरा दिसला तरी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावा, कारण छातीत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.

एका कुत्र्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर सोपे आहे. जिवाच्या आकांताने धडपडणाऱ्या कुत्र्याच्या नखांनी जुन्या कागदास छिद्रे पडतात, व ऐन उन्हाळ्यात बागेचे पाणी जमिनीत मुरते. मेलेले जनावर तळ्यात राहिल्यास पाणी नासते. आणि याहून मोठी गोष्ट अशी की, जी वाट कुत्र्यास वाचविते तीच वासरास वाचविते, आणि खेळता खेळता पाय घसरलेल्या लेकरासही वाचविते. शेततळ्यात बुडून माणसे दगावल्याच्या दुःखद वार्ता महाराष्ट्रात पुनःपुन्हा येतात. तळ्याच्या एकंदर खर्चाच्या मानाने चटई, दोर व चार खुंट यांचा खर्च नगण्य आहे.

यास्तव गावपातळीवरील विस्तार कार्यकर्त्यांनी शेततळ्याची पाहणी करताना लांबी, रुंदी व खोली यांची मापे घेऊन थांबू नये. कुंपण आहे काय व बाहेर येण्याची वाट तळापर्यंत पोहोचते काय, हे दोन प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारावेत. ज्या तळ्यास ही दोन्ही नाहीत, ते पाण्याने भरलेले असले तरी अपुरेच समजावे. ज्यांच्या तळ्यांचे काम झालेले आहे, त्या शेतकरी बंधूंनी पुढील उन्हाळ्याची वाट न पाहता ही उणीव भरून काढावी.