ही व्हाइब नाही, बिघाड आहे!

आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मी अख्खा रोल संपवला. 120 चा रोल, म्हणजे माझ्या कॅमेऱ्यात मोजून 12 फोटो. लॅबमधून स्कॅन आले तेव्हा बाराच्या बारा फोटोंत आजी धूसर आणि तिच्या मागचं दार मात्र कडी-कोयंड्यासकट लख्ख. आजीने चष्मा पुसून नीट पाहिलं आणि म्हणाली, "दाराचा फोटो छान आलाय गं."

त्यातलाच एक मी स्टोरीला टाकला, स्वतःवर हसायला म्हणून. तर खाली कमेंट्स काय? "काय व्हाइब आहे!", "सो ड्रीमी!", "फोनला हे जमणारच नाही." इथे माझं डोकं फिरलं. कारण त्यात ड्रीमी काही नव्हतं. माझा कॅमेरा सरळसरळ खोटं बोलत होता आणि मला ते कळलं नव्हतं.

म्हणून आज थोडं भांडायचंय तुमच्याशी. ठरवून धूसर फोटो काढणाऱ्यांशी माझं वैर नाही. पण जुना फोल्डिंग कॅमेरा घ्यायचा, तो बिघडलेला आहे का हे बघायचंही नाही आणि जे येईल त्याला 'फिल्म लुक' म्हणायचं, हा निव्वळ आळस आहे. 1950च्या दशकात ज्यांनी हे कॅमेरे बनवले, त्यांनी फोटो स्वच्छ यावा म्हणूनच एवढा खटाटोप केला होता.

माझा कॅमेरा आहे आग्फा आयझोलेट-थ्री, म्युनिकमध्ये बनलेला. बटण दाबलं की पुढचं झाकण उघडतं आणि काळ्या भात्यावर बसलेली लेन्स बाहेर येते. माझ्या बाबांना याचं काही कौतुक नाही. "आमच्या क्लिक-थ्रीला असली नाटकं नव्हती," म्हणतात. बरोबरच आहे. बडोद्यात बनणाऱ्या त्या आग्फा क्लिक-थ्रीला फोकस करायची सोयच नव्हती, त्यामुळे चुकायचीही नव्हती. आयझोलेटला मात्र रेंजफाइंडर आहे.

रेंजफाइंडर समजायला अंगठा पुरतो. हात लांब करा, अंगठा उभा धरा, एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. अंगठा इकडून तिकडे उडी मारतो. जवळ आणलात की उडी मोठी होते. कॅमेऱ्याच्या पुढच्या दोन खिडक्या म्हणजे हे दोन डोळे. एका वाटेवर अर्धपारदर्शक आरसा, दुसऱ्या वाटेवर किंचित फिरणारा आरसा. फाइंडरमधून एकाच माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात. वरचं दातेरी चाक फिरवून त्या एकावर एक आणायच्या, चाकावरचं अंतर वाचायचं आणि तोच आकडा लेन्सच्या रिंगवर लावायचा. हो, हाताने! आयझोलेटमध्ये दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. (झाइसच्या सुपर इकॉन्टात दोन्ही जोडलेले असतात आणि आरशाऐवजी काचेच्या फिरत्या पाचरी असतात. देखणं काम आहे, पण माझ्या खिशाबाहेरचं.)

आता हिशोब बघा. घरातल्या उजेडात लेन्स पूर्ण उघडून दीड मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला तर स्वच्छ दिसणारा पट्टा साधारण 14 सेंटिमीटरचा असतो. वीतभरही नाही. आरशाचा कोन केसभर हलला तरी आजी त्या पट्ट्याबाहेर. सत्तर वर्षांत कॅमेरा किती वेळा पडला असेल, कोणी कधी उघडून चाळा केला असेल, कोण जाणे.

दुरुस्तीला बसलात तर एक चूक करू नका, ती मी केली आहे. वरचं झाकण काढलं, आरशावर धूळ दिसली, मी कापसाने पुसली. धूळ गेली, सोबत मुलामाही गेला. जुन्या अर्धपारदर्शक आरशावरचा थर इतका नाजूक असतो की पुसलात की साधी काच उरते आणि दुसरी प्रतिमा गायब. पुढे मला बीम-स्प्लिटर काच मागवून मापात कापून घ्यावी लागली. तिथे फक्त हवेचा फुगा वापरा, बाकी हात मागे. प्रतिमा फिकी असेल तर फाइंडरच्या खिडकीवर रंगीत जिलेटिनचा तुकडा लावून बघा, दुसरी प्रतिमा उठून दिसते.

आणि त्याआधीचं महत्त्वाचं: सुरुवात रेंजफाइंडरपासून करूच नका. आधी लेन्स खरं बोलते का ते पाहा. आग्फाच्या या कॅमेऱ्यांतलं हिरवं ग्रीस कुप्रसिद्ध आहे. सुकून त्याचा गोंद होतो. मग रिंग फिरवली की पुढच्या भिंगासोबत मधलं भिंगही फिरतं आणि रिंगवरच्या आकड्यांना अर्थच राहत नाही. लायटरमध्ये भरतात ते नॅप्था थेंब थेंब सोडायचं, हेअर ड्रायरने ऊब द्यायची, धीर धरायचा. (ऊब आणि नॅप्था एकाच वेळी नाही. ते पेट घेतं!) सुटताना भिंग आट्यांमधून नेमकं कुठे निसटलं त्याची खूण करून ठेवा, नाहीतर परत बसवताना रडाल.

मग कॅमेऱ्याची पाठ उघडायची, फिल्म जिथून जाते त्या दोन पट्ट्यांवर दुधी काच किंवा ताणून ट्रेसिंग पेपर लावायचा, शटर 'बी'वर उघडं ठेवायचं, घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावायचं आणि लांबची वस्तू शोधायची. आमच्या गच्चीवरून सिंहगडावरचा दूरदर्शनचा टॉवर दिसतो. याहून चांगली 'इन्फिनिटी' पुण्यात मला तरी सापडली नाही. (पावसाळ्यात तो दिसत नाही. माझे तीन रविवार गेले.) टॉवर काचेवर सुरीसारखा दिसला की रिंगचा इन्फिनिटीचा आकडा तिथे पक्का करा. यानंतर रेंजफाइंडर: चाक इन्फिनिटीवर ठेवून तोच टॉवर बघा. दोन टॉवर दिसले तर ॲडजस्टिंग स्क्रू अगदी किंचित फिरवा, एक होईपर्यंत. मग घरात टेप लावून दीड आणि तीन मीटरवर खिडकीच्या गजांवर तपासा. मोजताना फिल्म जिथे बसते तिथून मोजा. जवळचं जमलं की लांबचं पुन्हा बघा, एक सुधारताना दुसरं बिघडतं. सगळं जुळलं की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब, म्हणजे तो हलत नाही.

एवढं स्वतः का करायचं? मी आधी दुरुस्तीवाल्या काकांकडेच गेले होते. ते म्हणाले, "शटर साफ करून देतो, रेंजफाइंडर नाही करत. अर्धा दिवस जातो आणि लोक दोनशे रुपये द्यायलाही कुरकुरतात." मला राग आला, मग लाज वाटली. कारण आपण एका रोलवर, डेव्हलपिंग आणि स्कॅनिंग धरून, हजाराच्या वर घालवतो आणि ज्या माणसाच्या हातात ही विद्या आहे त्याच्याशी घासाघीस करतो. असे काका तुमच्या गावात असतील तर मागतील ते द्या. आणि शटरला स्वतः हात लावू नका. त्या बारीक चक्रांचं काम त्यांचंच.

विकणाऱ्यांबद्दलही बोलायला हवं. मला हा कॅमेरा 'फुली वर्किंग' म्हणून विकला गेला. म्हणजे काय, तर बटण दाबलं की 'खट्' होतं. तुम्ही घ्याल तेव्हा विचारा, इन्फिनिटीला दोन प्रतिमा एक होतात का? फोकसची रिंग मोकळी फिरते का? अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत टॉर्च लावून बाहेरून बघितलंय का, कोपऱ्यांतून उजेड गळतो का? 'फिल्म टेस्टेड' असेल तर फोटो दाखव म्हणा, आणि तो झाडाचा नको, दीड मीटरवरच्या माणसाचा.

फोनचा ऑटोफोकस हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो, मला माहितीये. फोनने आजीचे दोनशे फोटो आहेतच.

मागच्या महिन्यात दुसरा रोल भरला. आजी त्याच खुर्चीत, दारही तेच. या वेळी 12 पैकी 9 फोटोंत डोळे स्वच्छ आलेत, उरलेल्या तिनांत ती हलली. एकात तर डोळ्याच्या कोपऱ्यातली प्रत्येक सुरकुती वेगळी दिसते. मोठा प्रिंट काढून नेला. आजीने बराच वेळ धरून ठेवला, लांब केला, जवळ आणला.

"दाराचाच बरा होता," म्हणाली.