माशांचं ‘एक-शून्य-एक’

रजा मंजूर, तिकिटं हातात, बॅग पॅक. आणि मग आठवतं, अरेच्चा, माशांचं काय? अ‍ॅक्वेरियमवाल्यांना हा प्रश्न नेमका आदल्या रात्रीच पडतो. माझा टँक मात्र पुण्यातल्या फ्लॅटमध्ये नाही. तो आहे गेवराईला, आई-बाबांच्या हॉलमध्ये. बाबा रिटायर झाले तेव्हा मीच घेऊन दिला होता. 60 लिटरचा टँक, सहा मॉली.

मागच्या वर्षी दोघं आठ दिवस लग्नाला गेले आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे. काकू भारी प्रेमळ. मासे काचेशी आले की त्यांना वाटायचं, भुकेलेत बिचारे! दिवसातून चार वेळा चिमूट. उरलेलं खाणं कुजलं, त्यातून अमोनिया तयार झाला, पाणी पांढुरकं झालं. मग घाबरून काकूंनी ‘पाण्याचं औषध’ झाकणझाकण ओतलं. त्या औषधाचं काम नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणं. कुजलेल्या खाण्यापुढे ते काय करणार? तीन मासे गेले. ते पुन्हा आणता आले; पण काकू महिनाभर आमच्या दारात आल्या नाहीत.

यंदा बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात ठरलं. दहा दिवसांचा मुक्काम. मी न्यायला गेले, तर काकू आधीच म्हणाल्या, ‘‘मला नको गं बाई. परत काही झालं तर?’’

‘‘काकू, या वेळी तुम्ही काहीच ठरवायचं नाही,’’ मी म्हटलं.

आयडिया मेडिकलवाल्याची. गोळ्यांच्या पाकिटावर तो 1-0-1 लिहितो, तसंच. दिवसाआड एक, अशा खाण्याच्या पाच पुड्या, प्रत्येकीवर तारीख. धडधाकट मोठ्या माशांना एवढं पुरतं. उन्हाळ्यात पाणी उडतं, म्हणून पाचव्या दिवशी एक बादली. तिचं औषध बाटलीवरच्या प्रमाणात, बिनसुईच्या सिरिंजने मोजून छोट्या डबीत भरलं. आधी बादलीत, मग टँकमध्ये. दोन औषधं असतील तर डब्या दोन. एकत्र करायची नाहीत. खाण्याचा डबा आणि मोठी बाटली सरळ कपाटात!

काचेवर कागद चिकटवला: ‘पुडी विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन नको. लाइट गेली तर पुडी नको, पंप बंद असतो. पाणी पांढरं दिसलं तर काही घालू नका, फोन करा.’

पुण्यात बाबांच्या डोळ्यांत थेंब घालायची ड्यूटी माझी. तीन बाटल्या, तिन्हींच्या वेळा वेगळ्या. पहिल्याच रात्री माझे हात थरथरले. हा घातला की तो राहिला? सकाळी फ्रिजवर तक्ता लावला, तेव्हा जिवात जीव आला. आणि काकू आठवल्या. मागच्या वर्षी त्यांच्याकडे होती फक्त एक बाटली आणि ‘घाला थोडंसं’ एवढी सूचना. चूक कुणाची होती?

तेव्हा मंडळी, किल्ली देताना डोसही मोजून द्या. तुमच्यासाठी एवढं करणाऱ्याच्या डोक्यावर अंदाजाचं ओझं कशाला?

दहा दिवसांनी गेवराईला पोचलो. सहाही मासे ठणठणीत. टेबलावर एक पुडी तशीच.

‘‘मंगळवारी लाइट नव्हती,’’ काकू म्हणाल्या, ‘‘कागदात लिहिलं होतंस ना!’’

आणि चहाला थांबल्या.